कोयत्याचं पाणी

१९७१ साली नवरा वारला आणि धुरपा लोहारणीच्या दिराने ऐरण, भाता, घण सगळं निवृत्त मामलेदार सबनीसांना विकून टाकलं. सबनीसांना लोहारकामाचा छंद जडला होता.

"साहेब, ऐरण तेवढी ठेवा. मला काम येतं."

"बाईला ऐरण कशाला? पापड लाटायला?" सबनीस हसले. दीरही हसला.

दोन महिन्यांनी सबनीस तिच्या दारात आले. "धुरपे, माझे कोयते वाकतात गं."

"लालबुंद झाला की गार पाण्यात बुडवा, साहेब. कडक होईल."

खरंच होतं ते. पण नंतर तो मंद आचेवर पुन्हा शेकावा लागतो, नाहीतर काचेसारखा फुटतो, हे तिने गिळलं.

दसऱ्याला चावडीपुढे सबनीसांनी स्वतः घडवलेला कोयता नारळावर मारला. पात्याचे दोन तुकडे झाले, नारळ शाबूत. गाव पोट धरून हसलं.

संध्याकाळी त्यांनी ऐरण, भाता, घण सगळं धुरपाच्या दारात आणून टाकलं. "घे तुझं लोखंड."

दीर विक्रीचे पैसे घेऊन सुरतेला गेला तो परतलाच नाही. धुरपाने पुढे तीस वर्षं गावाचे कोयते घडवले. सबनीस गुलाबांकडे वळले आणि "ते लोखंडच खोटं होतं," असं मरेपर्यंत सांगत राहिले. धुरपाने त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.