तलाठ्याचं काय?

"ह्या लंगड्याला नदीवर कुणी आणलं?" हर्षलनं विचारलं.

लंगडा म्हणजे तलाठी. मोतीराम नानांचा कुत्रा. तीन पायांवर रोज सकाळी सगळी द्राक्षबाग तपासून यायचा, म्हणून नानांनी हे नाव ठेवलेलं.

"मी आणलं," छाया म्हणाली. "आज त्याच्याही माणसाचा दहावा आहे."

"त्याचाही उरकतो उद्या."

उद्या म्हणजे खरंच उद्या. सकाळी गाडी सांगितली होती. पिंपळगावातून उचलायचा आणि चांदवडच्या घाटात सोडून यायचं. छायानं भावापुढे दोनदा हात जोडले होते. "एवढा पुळका असेल तर ने नाशिक रोडला, ताई," असं हर्षलचं उत्तर. तिचं घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, आणि घरमालकाला मांजरसुद्धा चालत नव्हतं. हे हर्षलला पाठ होतं. म्हणूनच तो इतक्या मोकळ्या मनानं 'ने' म्हणत होता.

त्याचा राग जुना होता. दहा वर्षांपूर्वी नानांनी हा कुत्रा नाशिकच्या एका प्राण्यांच्या आश्रमातून दत्तक आणला. "माझ्या प्रगतिपुस्तकावर न वाचता सही करायचे," हर्षल येईल त्याला सांगायचा, "आणि ह्याचा फॉर्म चष्मा लावून दोनदा वाचला."

"ताई, निदान बाजूला तरी बसवा त्याला," हर्षलची बायको पूजा म्हणाली. "लोक बघतायत."

छायानं पिशवीतून नानांची पांढरी टोपी काढली आणि उंबराखालच्या दगडावर ठेवली. तलाठी टोपीशेजारी जाऊन ताठ बसला.

"टोपी दिसली की गप बसतो," ती म्हणाली. दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

उंबरासमोरच पिंड मांडले. माणसं मागं सरकली. समोर विजेच्या तारेवर सहा कावळे होते. सहाही हलेनात.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

"नाना, बाग विकणार नाही," हर्षल म्हणाला. बाग विकायला काढली होती, हे गर्दीला तेव्हा कळलं.

कावळा नाही.

"रोज फोटोला हार घालीन," पूजा म्हणाली. कावळ्यांना त्यातही रस दिसला नाही.

मग नानांचे धाकटे भाऊ वाल्मीककाका पुढे आले, घसा खाकरला. "दादा, बांध मीच कोरला होता. घेतो मागं." अकरा वर्षांचं भांडण दोन वाक्यांत मिटलं. कावळे तारेवरच.

पाऊण तास झाला. गुरुजींना पुढच्या दहाव्याला जायचं होतं. "दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ," ते म्हणाले.

हर्षलला ते चाललं असतं. पण पुढच्या महिन्यात गावच्या विकास सोसायटीची निवडणूक, तो उभा, आणि समोर तीनशे मतदार. 'बापाला कावळा शिवला नाही' एवढं एकच वाक्य विरोधकांना पुरलं असतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. भागीबाई. वीस वर्षं नानांच्या बागेत कामाला.

"तलाठ्याचं काय? त्याचं कुणीच बोलंना!"

हर्षलनं बहिणीकडे जळजळीत पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती.

"बरं, सांभाळतो त्यालाही."

तारेवर काही हालचाल नाही.

"भाऊ, असं तोंडातल्या तोंडात नानांना ऐकू जायचं नाय," भागीबाई म्हणाली. "उद्या चांदवडला गाडी सांगितलीय, ते बी बोला की."

तीनशे माना वळल्या.

हर्षलनं दात आवळून हात जोडले. "नाना, गाडी रद्द. तलाठी मरेपर्यंत आपल्या ओसरीवर राहील. दोन्ही वेळ मी स्वतः खायला घालीन."

छायाला हुंदका आवरला नाही. तिनं नानांची टोपी उचलून डोळ्यांना लावली. तलाठी उठला, अंग झाडलं आणि पाणी प्यायला नदीकडे गेला.

तारेवरून एक कावळा उतरला. मग सहाही.

"दादाचा जीव कुत्र्यात अडकला होता," वाल्मीककाका म्हणाले. हर्षलनं पिंडाकडे बघून पुन्हा हात जोडले.

दुपारी छाया निघाली. तलाठ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती ओसरीवर बराच वेळ बसली. तो बारा वर्षांचा, पुढच्या खेपेला भेटेलच असं नव्हतं. मग तिनं त्याचा फाटका कान नीट केला, उठली आणि टोपी भावाच्या हातात दिली.

"जपून ठेव. द्राक्षाच्या मण्यात साखर उतरली की बागेच्या पहिल्या खांबावर ठेवायची. मग तो तिथंच राखणीला बसतो. भुंकावंही लागत नाही, इथले कावळे त्याला ओळखून आहेत. टोपी असेतो एक पाखरू खाली उतरत नाही. उचलली की त्याची सुट्टी."