आधीच दिलेला नंबर

'ही नोंद दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे किंवा पुसून टाकली आहे.'

सिस्टरने स्क्रीनवरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि लगेच जीभ चावली. काउंटरपलीकडे बाळाचा बाप उभा होता. त्याने 'पुसून टाकली' एवढंच ऐकलं आणि मटकन बाकावर बसला.

"अहो, तुमची लेक ठणठणीत आहे! कॉम्प्युटर आजारी पडलाय," सिस्टर म्हणाली.

तो "हो" म्हणाला खरं, पण मागच्या खेपेला हे नवराबायको याच दारातून रिकाम्या हाताने घरी गेले होते. बिचाऱ्याला नुसत्या सांगण्याने धीर येणार कसा?

बाळ काचेपलीकडच्या खोलीत होतं, आई वरच्या मजल्यावर. मायलेकींच्या मनगटावरच्या पट्ट्या मशीनवर जुळल्याशिवाय बाळ आईच्या हातात द्यायचं नाही, असा इथला नियम. एकदा अदलाबदल होता होता वाचली, तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांचंही त्यात काही चालत नसे. आणि नोंद सेव्ह झाल्याशिवाय पट्टी जुळणार नव्हती. आईने वरून दोनदा विचारून पाठवलं होतं, 'ती खरंच रडली ना?'

प्रोग्रॅमर बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन सिस्टरच्या स्टुलावर बसली होती. प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला, त्यामुळे शिव्या घालायलाही दुसरं कोणी नव्हतं.

"एकाच नोंदीवर दोघीजणी एकदम काम करताय का?" तिने विचारलं. "तसं झालं की दुसरीला हा एरर येतो. एकीने केलेलं दुसरीच्या हातून पुसलं जाऊ नये म्हणून. ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात त्याला."

"दुसरी कुठून आणू? सकाळपासून मी एकटीच खिंड लढवतेय."

तरी प्रोग्रॅमरने मजल्यावरचे बाकीचे सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले. सिस्टरने पुन्हा बटण दाबलं. तेच वाक्य.

"बाळ नवं, नोंद नवी. जे अजून लिहिलंच नाही ते पुसणार कोण?" प्रोग्रॅमर स्वतःशीच पुटपुटली. जावा भाषेतल्या कोडमधून ती एकेक ओळ खाली येत राहिली आणि कालच घातलेल्या स्वतःच्या ओळीपाशी थबकली.

"अगं बाई गं!"

"काय झालं?"

"पट्ट्या आधीच छापून हव्यात, असं तुम्ही म्हणाला होतात ना?"

"मग? बाळ बाहेर येत असताना प्रिंटरशी कोण भांडत बसणार?"

"म्हणून मी कालपासून आई भरती झाली की लगेच बाळालाही नंबर देऊन ठेवायला लागले. नोंद मात्र जन्मल्यावर करायची. त्यानंतरचं हे पहिलंच बाळ. आता प्रोग्रॅमला वाटतं, नंबर आहे म्हणजे बाळ जुनंच आहे. तो जुनी नोंद शोधायला जातो, ती सापडत नाही. मग म्हणतो, कोणीतरी पुसली."

"आई शप्पथ! म्हणजे माझ्यामुळे झालं हे?"

"छे हो. नंबर डेटाबेसनेच द्यायचा असतो, तोही नोंद होताना. मीच मध्ये नको ते शहाणपण केलं."

तिने ती ओळ काढली, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. सिस्टरने डोळे मिटून बटण दाबलं. सेव्ह झालं. प्रिंटरमधून नवी पट्टी बाहेर आली आणि सिस्टर ती घेऊन काचेपलीकडे पळाली.

प्रोग्रॅमर बापाजवळ आली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"माफ करा. कोणी काही पुसलं नव्हतं. ती जन्मायच्या आधीच आम्ही तिला नंबर देऊन बसलो होतो, त्याने सगळा घोळ झाला."

"आधी म्हणजे कधी?"

"सकाळी, तुम्ही दोघं आलात तेव्हाच."

आता हा ओरडणार, आणि ओरडावंच त्याने, असं तिला वाटलं.

"आम्ही साधं झबलंसुद्धा घेतलं नव्हतं," तो मात्र हळूच म्हणाला. "म्हणजे ती येणारच, असं तुम्ही धरून चालला होतात?"

"हो."

"बरं केलंत. आमच्याने नाही झालं ते."