दार

"आई, आपलं दार कुठंय?"

लेकीने विचारलं तेव्हा मी किल्ली हातात धरून जिन्यातच थिजले होते. चौकट जागेवर होती. सकाळी मी कुलूप घातलेलं दार मात्र बिजागऱ्यांसकट गायब होतं. दोरीवरचे आमचे कपडेसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होते.

"दुरुस्तीला नेलंय," घरमालक शेडबाळे खालून म्हणाले. "वेळ लागेल. तोवर दुसरीकडे सोय बघा."

त्यांना भाडं दुप्पट हवं होतं. करारातलं भाडं मी देत होते, ते घेईनात. मनिऑर्डर केली, तीही परत पाठवली. वकील म्हणाले होते, भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला असं बाहेर काढता येत नाही. म्हणून या माणसाने दारच काढलं! पोलीस चौकीत म्हणाले, उद्या या.

दिवेलागणीला मी कपाट ओढून चौकटीला लावत होते, तेवढ्यात शेडबाळे काकू वर आल्या. एरवी त्या माझ्याकडे बघतही नसत.

"आता काय, कपाट न्यायला आलात?" मी तडकले.

त्यांनी उंबऱ्याशी चादर अंथरली, उशी टाकली आणि बसल्या.

"अगं, जेवायला वाढ!" खालून हाक आली.

"आधी दार आणा!" काकू ओरडल्या.

मी कपाट धरून बघतच राहिले.

"माझ्या लहानपणी आमच्या घरमालकानेही असंच दार काढलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आई रात्रभर विळी घेऊन चौकटीत बसली होती. तू झोप."