डाव्या बाहीवरची पट्टी

संघाचा कारभार बघणाऱ्या नवनाथने खोकं फोडलं आणि पहिली जर्सी उंच धरली. काळेवाडीच्या मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली जमलेली माणसं बघायला पुढे सरकली. मग सगळीच बोलू लागली.

उदय फुटबॉल क्लबची ही यंदाची दुसरी जर्सी. नेहमीची निळी होतीच, ही जुन्या संघासारखी करायची ठरली होती. क्लबच्या भिंतीवरचा जुना फोटो नवनाथने वर्षाराणीला दिला होता. ती मुलींच्या संघात खेळायची आणि डिझाइन शिकत होती; फोटोवरून ही जर्सी तिनेच आखली होती. फोटो काळापांढरा, म्हणून रंग तेवढा म्हाताऱ्या प्रेक्षकांना विचारून ठरवला होता.

"ह्यो रंग न्हवता," गोरक्ष म्हणाला. लहानपणी तो कुंपणावर बसून सामने बघायचा. "पिकल्या आंब्यागत होता. ह्याचं पार संत्रं केलंय."

"संत्रंच होतं," तेव्हाचेच दुसरे प्रेक्षक नानासाहेब म्हणाले. "उन्हानं विटून तुला आंबा दिसायचा."

"कॉलर मात्र एक नंबर, राव," ऋतिक म्हणाला. संघात तो फॉरवर्ड होता. "कापड जरा जास्त चमकतंय."

"तवाचं कापड टोचायचं म्हणं अंगाला," गोरक्ष म्हणाला, आणि त्याच्या सुरात तक्रार नव्हती.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. डाव्या बाहीवर दंडाभोवती दोन बोटं रुंद काळी पट्टी होती. "ह्या पट्टीनं जर्सी उठून दिसते," ऋतिक वर्षाराणीला म्हणाला. "लोक पट्टीसाठीच मागतील बघ."

तेवढ्यात ज्योतीराम आला. फोटोतला तो गोलकीपर. महिनाभर परगावी लेकीकडे होता, त्यामुळे त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. नवनाथने जर्सी त्याच्या हातात दिली. ज्योतीरामने कॉलर बघितली, हसला. मग बाही हातात घेतली आणि हसू ओसरलं.

"ही जर्सीची न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"पट्टी. ही फायनलच्या दिशी बांधली होती आमी, फोटो बी तवाचाच. आमच्या संघातला चिमाजी गेला त्याच आठवड्यात. सायकलवरनं पहिल्या शिफ्टला निघाला होता, ट्रकनं उडवला. काळं कापड कुणाकडं न्हवतं. मग माझ्या बापाची छत्री फाडली."

वर्षाराणीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, डिझाइनच आहे."

"फोटोत तशीच दिसती, पोरी. तुझं काय चुकलं त्यात?"

"उसवून टाकू," नवनाथ म्हणाला. "आजची मॅच निळीवर खेळू."

ऋतिकने अंगात घातलेली जर्सी काढायला घेतली. ज्योतीरामने त्याला हातानेच थांबवलं. "केसरबाईला विचारू आधी. तिच्या नवऱ्याची हाय ती."

केसरबाईचं घर मैदानाच्या भिंतीला लागूनच होतं. नवरा गेल्यावर ती बरीच वर्षं माहेरी राहिली आणि मुलगा कामाला लागल्यावर परत आली. पण मैदानात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. क्लबची माणसं गणपतीला घरी आली की ती पाणी द्यायची, दोन शब्दही जास्त बोलायची नाही. ज्योतीरामशी तर नाहीच.

आज ती दारातच तांदूळ निवडत होती. ज्योतीरामने जर्सी पुढे केली आणि काय झालं ते सांगितलं. वर्षाराणी त्याच्या मागे उभी होती.

केसरबाईने सूप खाली ठेवलं. पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ही यांच्यासाठी बांधली होती?"

"व्हय."

"समद्यांनी?"

"समद्यांनी. राखीव पोरांनी बी."

तिने जर्सी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मी आत पडून होते. अजून दहावं व्हायचं होतं. आणि तुमी ढोल लावून ह्या गल्लीतनं गेलात."

ज्योतीरामला आधी कळेचना. मग तो पायरीवर बसला.

"आमी हरलो होतो, वहिनी. त्यो ढोल जिंकलेल्या खडकीवाल्यांचा. त्यांना काय ठावं, कुणाचं घर हाय ते. आमी मैदानातच बसून होतो, दिवे लागंस्तोवर. तुमच्या दारावरनं जायला नको म्हणून पल्याडच्या भिंतीवरनं उड्या टाकून घरी गेलो."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी कधी इचारलं न्हाई. आमी म्हणायचो, मैदानाचं नाव काढलं की वहिनींना तरास होतो."

केसरबाईने जर्सीची घडी घातली, पुन्हा मोडली. वर्षाराणीने धीर करून विचारलं, "आजी, पट्टी काढून टाकू का?"

"काय करायची काढून? राहू दे. चांगली दिसती." तिने पदराने डोळे पुसले, पायांत चपला सरकवल्या. "मॅच कधी हाय?"

ती मैदानात आली तसे शेडखालचे लोक उठून उभे राहिले. नवनाथने खुर्ची आणली. ऋतिक आणि बाकीची पोरं जर्सी घालून मैदानात उतरत होती. केसरबाई बसली नाही. उन्हासाठी कपाळावर हात धरून ती सगळ्या मैदानावर नजर फिरवत राहिली.

"हे कुठं खेळायचे?" तिने विचारलं.

ज्योतीरामने डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मैदान तिथे भिंतीपाशी संपत होतं आणि भिंतीपलीकडे तिच्या घराचे पत्रे उन्हात चमकत होते.

केसरबाईने आधी कोपऱ्याकडे बघितलं, मग पत्र्यांकडे.

"जवळच होते की," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.