मधली खुर्ची

"तिला आधी बसू दे," म्हणत इंदुमतीबाईंनी मधली खुर्ची मोकळी सोडली आणि त्या पलीकडच्या खुर्चीवर टेकल्या. सून रेवती उभीच राहिली.

"महिनाभर असंच चाललंय, डॉक्टर. घरात ओल्या केसांची एक लहान मुलगी आहे म्हणतात. तिचंही ताट वाढायला लावतात."

डॉक्टर टिळेकर मॅडमनी सगळी चौकशी केली. हात थरथरतो म्हणून बाईंना गोळ्या चालू होत्या. उपासाला औषध चालत नाही म्हणून गुरुवार-शनिवार त्या गोळ्या घेत नसत, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरपाई करत. डॉक्टरांना हसू आलं. 'औषधामुळे झालेले भास' असं केसपेपरवर लिहून त्यांनी गोळी बदलून दिली.

पंधरा दिवसांनी बाई चांगल्या टवटवीत होऊन आल्या. "आता कुणी दिसत नाही हो," त्या जराशा हिरमुसून म्हणाल्या.

'भास पूर्ण थांबले,' डॉक्टरांनी लिहिलं. मान वर केली, तर मधली खुर्ची रिकामी असूनही रेवती भिंतीला टेकून उभी होती.

"बसा ना."

"नको." रेवती ओशाळली. "घरीपण तिच्या जागेवर बसवत नाही आता."

"अहो, ते सगळं गोळ्यांचं होतं," डॉक्टरांनी तिला समजावलं.

दोघी गेल्या. पुढचा पेशंट आत आला आणि मधल्या खुर्चीवर बसू लागला.

"तिथं नको," डॉक्टर बोलून गेल्या. "ओली आहे ती."

त्यानं खुर्चीवरून हात फिरवला. कोरडी ठणठणीत होती.