जुनाच प्रोग्राम

नवा कॉम्प्युटर तासभर राबत होता, तरी हाताला गारच लागत होता. त्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा. त्याला जुना प्रोग्राम कळणार नाही, म्हणून मशीन यायच्या आधीपासूनच तो नव्याने लिहिण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. "एवढं झालं की येते," असं ती गावी एकट्या राहणाऱ्या आईला दर सुट्टीत सांगत आली होती.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसत म्हणाला, "मॅडम, गंमत बघा. तुमचा जुनाच प्रोग्राम सहज टाकून पाहिला. मशीन आपलं आपणच भाषांतर करून घेतं, आणि उत्तर तुमच्या नव्याच्या आधी देतं."

संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, "यायला नाही जमलं तरी राहू दे गं. तुझ्यावाचून तिथलं अडतं."



"नाही अडत, आई. मी नोकरी सोडून येतेय."