वरचा थर

बाप गेल्यापासून सहा महिने फायबरची बोट वैनगंगेच्या घाटावर पालथी पडून होती. उन्हानं तिचा निळा रंग पार पांढुरका झाला होता. सोमवारपासून विक्की बापाच्या जागी लोकांना नदीपार नेणार होता, म्हणून तो वडसा गावातल्या रंगाच्या दुकानात गेला.

दुकानदारानं दोन डबे समोर ठेवले. "नुसतं मेण लावशील तर बोट आहे तशीच राहीन, फक्त ऊन बाधणार नाई. पॉलिशनं मात्र वरचा मळका थर घासून निघते. बोट नव्यासारखी दिसते."

"मंग पॉलिशच द्या, भाऊ. आईले नवी बोट दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून विक्की घासत होता. मोहफुलं वेचून दुपारी आई घाटावर आली, तेव्हा बोटीत आभाळ दिसत होतं. तिनं टोपली खाली ठेवली आणि बोटीच्या टोकाशी जाऊन वाकली. कितीतरी वेळ तिथंच चाचपडत राहिली.

"काय पाहून राह्यली, आई? एक डाग नाई ठेवला," विक्की हसत म्हणाला.

आईनं त्या चकचकीत जागेवर तळवा टेकवला.

 

"तुहा बाप इथी हात टेकून बोट पाण्यात ढकले. बारा वर्षांत त्याच्या पंजाचा काळा छाप उमटला होता, बाबू. मी रोज त्याच्यावर हात ठेवूनच घरी जात होती."